वेतकाकूंचं लायसन्स

वेतकाकू बोलायला लागल्या की समोरचा माणूस नकळत एक पाऊल मागे सरकायचा. उंचीनं बेताच्या, अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचं मांजर दचकून उठावं. त्यांचं खरं नाव घरच्यांना आणि सरकारी कागदांना ठाऊक होतं, बाकी सगळ्या गावाला त्या वेतकाकू. वेताच्या बैठकीच्या खुर्च्या विणायचं त्यांचं काम. खुर्चीची बैठक फाटली, मधोमध झोळी झाली, की लोक म्हणायचे, "वेतकाकूंना निरोप धाडा."

काम मुळात नवऱ्याचं. तो गेला तेव्हा लेक अजून शाळेत होती. धाकटा दीर येऊन म्हणाला, हत्यारं विकून टाका वहिनी, दारोदार खुर्च्या मागत फिरणं बाईमाणसाला शोभत नाही. काकूंनी त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भावजी, लोक विणलेल्या खुर्चीवर बसतात, विणणाऱ्याच्या मिशांवर नाही." दीर गेला, आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी नवऱ्याची सायकल बाहेर काढली.

तेव्हापासून त्यांच्या दोन खोल्यांतली पुढची खोली म्हणजे कारखानाच. खिडकीखाली टपात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या, भिंतीवरच्या आकड्यांना खुर्च्यांचे सांगाडे उलटे टांगलेले, एका डब्यात विणताना वेताचे पदर अडकवायच्या लाकडी खुंट्या. खोलीत शिरलं की ओल्या लाकडाचा वास यायचा. खिडकीशी बसून काकू आधी उभे पदर ओढायच्या, मग आडवे, त्यांवर पुन्हा उभे, आणि शेवटी तिरपे. तिरपे पदर बसले की सांगाड्यात अचानक जाळी उमटायची. इतकी वर्षं झाली तरी त्या क्षणी काकू थोडं मागे रेलून बघायच्या.

अडचण एकच होती. काकू राहायच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या कडेनं, आणि खुर्च्या सगळ्या वरच्या गावात. कचेऱ्या, कोर्ट, वाचनालय, दवाखाने, सगळं चढावर. खुर्च्या आणायच्या तर सायकलमागे छोटी दोनचाकी गाडी जोडून, आणि पोचवायच्या तर तीच गाडी घेऊन पुन्हा तो चढ. साठीला आलेल्या काकूंच्या उजव्या गुडघ्यानं एक दिवस संप पुकारला. डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला. "काकू, हा गुडघा आता चढावर पायडल मारायला नाही म्हणतोय."

"त्याला विचारलंय कुणी?" काकू म्हणाल्या.

पण गुडघा न विचारताच बोलत होता. काकू चढावर उतरून सायकल ढकलू लागल्या, मग ढकलतानाही थांबू लागल्या. त्यांच्या पाठच्या भावानं एकदा ते पाहिलं. याचं मशिनं दुरुस्त करायचं शेड होतं, आणि धड चालणारी वस्तूही उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यामुळे घरात आणि बाहेर तो खटपट्या. त्यानं ताईची सायकल न विचारता उचलून नेली आणि आठवड्यानं परत आणली, ती गवत कापायच्या यंत्राचं इंजिन पोटाशी बांधून. पेट्रोलची टाकी म्हणून तेलाची रिकामी प्लास्टिकची बाटली होती, पट्ट्यानं आवळलेली. हँडलवर एक खटका. तो दाबला की सायकल आधी खोकायची, मग थरथरायची आणि मग निघायची.

पहिल्या दिवशी काकू चार खुर्च्या मागे घेऊन चढ चढल्या आणि वर पोचल्यावर एकट्याच हसत सुटल्या. पानाफुलांच्या दुकानाबाहेर उभी माणसं बघत राहिली. काकूंना पर्वा नव्हती.

हे सुख पंधरवडाभर टिकलं. मग कोर्टाजवळच्या चौकात एका तरण्या पोलिसानं हात आडवा केला.

"लायसन्स?"

"कशाचं?"

"गाडीचं."

"ही गाडी आहे होय? सायकल आहे ही. पायडल दिसत नाहीत का तुम्हाला?"

"पायडल दिसतात, काकू. पण ती फिरत नाहीत आणि सायकल तर चढ चढतेय, तेही दिसतं."

पोलीस सायकलीभोवती एक फेरी मारून आला. नंबर नाही, आरसा नाही, मागचा दिवा नाही, विमा नाही, डोक्यावर हेल्मेट नाही. वर त्या चालल्या होत्या रस्त्याकडेच्या सायकलींच्या पट्ट्यातून, जिथे इंजिनाला बंदी. त्यानं बाटलीच्या टाकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आणि हे काय आहे ते मला माहीतही करून घ्यायचं नाही." सायकल जप्त झाली. मागच्या गाडीतल्या खुर्च्या वाचनालयाच्या होत्या. काकूंनी शेजारच्या दुकानातून हातगाडी मागून घेतली, त्या खुर्च्या लंगडत वाचनालयात पोचवल्या, आणि तिथून तडक लेकीच्या घरी गेल्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

लेकीच्या घरी जायचं कारण म्हणजे जावई. जावई वाहन कार्यालयात तपासनीस होता. माणूस भला, पण इतका सरळ की पाहणाऱ्याला कंटाळा यावा. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत चालत जाऊन तिथूनच रस्ता ओलांडणार. लेक म्हणायची, "आमच्याकडे चपलासुद्धा रांगेत उभ्या असतात."

"जावईबापू," काकू दारातूनच म्हणाल्या, "तुमच्या खात्यानं माझी सायकल उचलून नेली."

"आमचं खातं नाही, आई. ते पोलीस खातं. आमचं वाहन खातं."

"कुठलंही असो. सोडवून आणा."

जावयानं पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवला. "दंड भरून सायकल मिळेल, तुम्हीच आणू शकाल. पण चालवता नाही येणार. इंजिन बसलं त्या क्षणी कायद्याच्या लेखी ती मोटरसायकलची धाकटी बहीण झाली. थोरलीला जे लागतं ते धाकटीलाही लागतं."

"तुमच्या ओळखीनं..."

"नाही, आई."

लेकीनं डोळे वटारले. तो खाली बघत राहिला, पण शब्द मागे घेतला नाही. मग म्हणाला, "एक मार्ग आहे. बॅटरीची मोटर बसवायची. तुम्ही पायडल मारताय तोवरच मदत करणारी, आणि ठरलेला वेग आला की आपोआप बंद होणारी. तिला सायकलच धरतात. लायसन्स नाही, नंबर नाही, काही नाही."

"आणि भरलेली गाडी मागे लावून चढ चढेल ती?"

त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. यानं खरंच विचार केला. "नाही. आणि पायडल तुम्हाला मारावंच लागेल."

"मग तिचं नाव काढू नका. जिला लायसन्स लागतं तिच्याबद्दल बोला."

त्यानं सांगायला सुरुवात केली. आधी नियमांची लेखी परीक्षा, ती झाली की शिकाऊ परवाना, मग गाडीची तपासणी, आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा. मोठा महामार्ग या असल्या गाड्यांना कायमचा बंद, तिथे पास होऊनही जायचं नाही. काकू मान हलवत ऐकत होत्या. पाठीचा कणा हळूहळू ताठ होत होता. नवऱ्याची सायकल बाहेर काढली त्या सकाळीही त्या अशाच बसल्या असतील, असं लेकीला वाटून गेलं.

"रस्त्यावरची परीक्षा घेतं कोण?" काकूंनी विचारलं.

जावयानं पेला उगाच सरकवला. "दुचाकींची... मीच."

लेक खोखो हसली. तो हसला नाही. नातेवाइकाची परीक्षा आपण घेऊ नये, असं त्यानं दुसऱ्याच दिवशी साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, दुसरा तपासनीस मिळेपर्यंत तुमच्या सासूबाई नव्वदीच्या होतील. मी स्वतः बरोबर येतो, तुम्ही घ्या परीक्षा.

लेखी परीक्षेचा अभ्यास काकूंनी खिडकीशी बसून केला. नियमांचं पुस्तक समोर खुंटीला अडकवलेलं, हात विणत असलेले. एक तिरपा पदर, एक नियम. बोटांना सवय होती, डोक्याला लागली. पेपर त्यांनी सुखरूप सोडवला.

गाडीच्या तपासणीनं मात्र घरात भांडण लावलं. दंड भरून सोडवून आणलेली सायकल जावयानं पाहिली आणि परत पाठवली. एकाच चाकाला ब्रेक चालणार नाही. टाकी धातूची हवी, झाकणाची हवी. इंजिन जिथे तापतं तिथे पायाला आडोसा हवा. खटपट्या संतापला. "माझ्या इंजिनाला नावं ठेवतो? यानं आयुष्यात कधी स्क्रू पिळलाय?"

"तू बाटलीत पेट्रोल भरून मला त्यावर बसवलंस," काकू म्हणाल्या. "माझ्या पायाशी."

ही बाजू खटपट्याच्या लक्षातच आली नव्हती. त्यानं शेडचं दार लावून घेतलं, आणि पुन्हा उघडलं तेव्हा सायकलला दोन्ही चाकांना ब्रेक होते, पत्र्याची नेटकी टाकी होती, दिवे होते, आरसा होता. शिवाय कुणी न सांगता त्यानं मागच्या गाडीलाही लाल दिवा लावला होता. जावयानं वाकून, झोपून, सगळं तपासलं. मग उठून हात झटकले. "मामा, काम चोख आहे." खटपट्या नाक वर करून उभा राहिला, पण कान लाल झाले होते.

मग रस्त्यावरच्या परीक्षेचा दिवस आला. काकू नवं हेल्मेट घालून, मागची गाडी जोडलेली सायकल घेऊन कार्यालयाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. जावई स्कूटरवर, त्याच्या मागे साहेब. साहेब अंगानं भरपूर, ते बसले तशी स्कूटर एक हुंकार देऊन खाली दबली.

"उमेदवार," जावई म्हणाला, "फाटकातून बाहेर पडा, बाजाराकडून मोठ्या रस्त्याला लागा आणि कोर्टाला वळसा घालून परत या. आम्ही मागे आहोत."

घरी 'आई' म्हणणाऱ्या माणसानं उमेदवार म्हटलेलं ऐकून काकूंना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. सायकल खोकली, थरथरली, निघाली. काकूंनी वळताना हात दाखवला, आरशात पाहिलं, लाल दिव्याला थांबल्या, पादचाऱ्यांना वाट दिली. मोठ्या रस्त्यावर गल्लीतून एक मोटार तोंड काढून उभी होती, काकूंनी थांबून तिला जाऊ दिलं. पुढे एक टेम्पो होता, त्यालाही जाऊ दिलं. कोर्टाच्या कोपऱ्यावर एक रिकामी बस वळायची वाट बघत होती. काकू पाय टेकून थांबल्या. मागे कर्रकन ब्रेक वाजला, एक टॅक्सी त्यांच्या मागच्या गाडीपासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि टॅक्सीवाल्यानं भर रस्त्यात आपलं शब्दभांडार रिकामं केलं. काकूंनी ओशाळून त्याला हात केला, बस गेल्यावर निघाल्या आणि सायकल व्यवस्थित फाटकात आणली.

साहेबांनी उतरून कंबर ताणली. जावयानं काकूंकडे पाहिलं.

"नापास," तो म्हणाला.

काकूंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मी कुणाला धक्का लावला? सिग्नल मोडला?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही थांबलात."

"थांबणं गुन्हा आहे?"

"थांबायचं तिथे थांबलात, ते बरोबर. पण तुम्ही मोठ्या रस्त्यावर होता. गल्लीतल्या मोटारीनं थांबायचं होतं, टेम्पोनं थांबायचं होतं, बसनंही. रस्ता तुमचा होता आणि तुम्ही तो प्रत्येकाला देत गेलात. तुम्ही पुढे जाणार असं धरूनच मागचा येत असतो. आज टॅक्सीचे ब्रेक चांगले होते." त्याचा आवाज जरा हलला. "उद्या नसतील."

काकू सायकल ढकलत घरी गेल्या. वाटेत दोघांनी हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही.

लेकीनं तर घरी जावयाशी बोलणंच टाकलं. ताट समोर ठेवायची, तेही जरा आपटून. "स्वतःच्या सासूला नापास करतो, असा माणूस मी पाहिला नाही," ती शेजारणीला सांगायची, तो घरात असताना, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. खटपट्या म्हणाला, सोड ताई, लायसन्सशिवाय चालव, मी तुला मागच्या गल्ल्या दाखवतो. काकूंनी मान हलवून नाही म्हटलं.

त्या खिडकीशी बसून एक आरामखुर्ची विणत होत्या आणि हात पुन्हा पुन्हा चुकत होता. 'रस्ता तुमचा होता.' हे वाक्य त्यांना कुणी कधी ऐकवलंच नव्हतं. सायकल घेऊन बाहेर पडायला लागल्या त्या दिवसांत माणसं थांबून बघायची. एकदा एका बसनं रेटत रेटत त्यांना गटारात उतरवलं होतं, आणि चिखलातून उठताना बसवाल्याला त्याच सॉरी म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्या कडेनंच चालवत आल्या. कोणी आलं की थांबायचं, कोणी बघितलं की जागा द्यायची. तोंडानं साऱ्या गावाला धारेवर धरणारी बाई रस्त्यावर मात्र पाहुणीसारखी वागत होती, आणि हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ध्यानात आलं ते जावयाच्या. आणि दुसरा कोणी असता तर त्यानं ते पोटात ठेवून लायसन्स हातावर ठेवलं असतं.

काकूंनी हातातला पदर सोडला, चप्पल घातली आणि लेकीच्या घरी गेल्या.

"त्यांच्याशी बोलायला लाग," त्या लेकीला म्हणाल्या.

"आई, त्यांनी तुला—"

"मला त्यांनी खरं सांगितलं. लाड करणारा जावई कुठेही मिळतो, तुझं नशीब वेगळं आहे. ताट आपटू नकोस, पोचे येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चालत कोर्टाच्या चौकात गेल्या आणि एका कडेला उभ्या राहिल्या. तोच तरणा पोलीस तिथे होता. काकूंना पाहून तो दोन पावलं मागे सरला. त्याला वाटलं, बाई सायकलीचा वचपा काढायला आली. पण काकू नुसत्या गाड्यांकडे बघत होत्या आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"काकू, कुणाची वाट बघताय का?"

"शिकतेय. आधी कोण जाणार ते ओळखायचं. आता बघा, ती निळी मोटार जाणार, पांढरी थांबणार."

निळी गेली, पांढरी थांबली. पोलीस हसला. मग त्यालाच चेव आला. मधल्या वेळात तो काकूंपाशी येऊन विचारू लागला, "आता कोण?" काकू चुकल्या की का चुकल्या ते समजावून सांगू लागला. त्याच्या चौकीतल्या खुर्चीची बैठक पार लोंबत होती. काकू म्हणाल्या, आणून द्या, विणून देते. तो घाईघाईनं म्हणाला, "नको काकू. मी तुमची सायकल पकडली आणि तुम्ही माझी खुर्ची विणली, तर लोक दोन्हींचा हिशोब एकत्र करतील." काकूंना ते पटलं. सध्या त्यांना सगळीकडे सरळ माणसंच भेटत होती, त्याला काय करणार?

डोक्यात शिरलं तरी हातापायांत उतरणं बाकी होतं. त्यासाठी लाकडाच्या वखारीचं मागचं अंगण मिळालं. वखारवाल्याच्या कचेरीतल्या साऱ्या खुर्च्या काकूंच्या हातच्या. खटपट्यानं खडूनं जमिनीवर मोठा रस्ता आखला, त्याला दोन गल्ल्या जोडल्या. लेक झाली पादचारी. खटपट्या स्वतः ट्रक झाला. हातगाडी घेऊन तो गल्लीतून येई आणि तोंडानं असा हॉर्न वाजवी की वखारीतले कामगार करवती थांबवून बघायला आले.

काकू मोठ्या रस्त्यावरून आल्या. ट्रक गल्लीतून आला. काकू थांबल्या.

"ताई! मी ट्रक आहे, पण मी गल्लीत आहे! तू जा!"

"अरे, तू अंगावर आल्यासारखा दिसतोस!"

"ट्रक तसाच दिसतो! जा!"

दुसऱ्या फेरीतही थांबल्या. तिसऱ्या फेरीत अर्ध्यावर कचरल्या, आणि खटपट्यानं हातगाडी सोडून कपाळावर हात मारून घेतला. "लहानपणी खिडकीतली जागा मला कधी मिळाली नाही, आणि आता म्हणतेस आधी तू!"

काकूंचे दात एकमेकांवर बसले. त्यांनी सायकल वळवून पुन्हा रस्त्याच्या टोकाला नेली. हेल्मेटचा पट्टा आवळला. खटका दाबला. ट्रक बोंबलत आला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याचा वेग कमी होतोय का ते पाहिलं, पाय पायडलावर घट्ट ठेवले, वेग तसाच राखला आणि सरळ पुढे गेल्या. खटपट्याला हातगाडी खरोखरच करकचून थांबवावी लागली. कामगारांनी टाळ्या पिटल्या.

"हां!" खटपट्या ओरडला. "आता दहादा असंच!"

त्या सुटीच्या दिवशी आणि पुढच्या कितीतरी सुट्यांना ते अंगण गजबजून गेलं. कामगारही गाड्या झाले. कुणी बस, कुणी रुग्णवाहिका. रुग्णवाहिकेला मात्र वाट द्यायची असते हे काकूंनी कुणी न सांगता ओळखलं. सरळ जाणं म्हणजे डोळे मिटून घुसणं नव्हे, हेही त्यांना हळूहळू उमगलं. समोरचा थांबतोय ना ते बघायचं, ब्रेकवर बोटं ठेवायची, पण उगाच माघार घ्यायची नाही. विणताना पदर ओढतात तसंच काहीसं होतं ते. सैल सोडला की झोळी होते, जास्त ताणला की तुटतो.

दुसऱ्या परीक्षेला पुन्हा तेच फाटक, तीच स्कूटर, मागे तेच साहेब. जावयाचा चेहरा पहिल्या वेळेपेक्षा उतरलेला होता. "उमेदवार, निघा," तो म्हणाला.

बाजारापर्यंत सगळं सुरळीत झालं. मोठ्या रस्त्यावर काकू आपल्या पट्ट्याच्या मधोमध चालल्या होत्या. पुढे डाव्या गल्लीतून सिमेंट कालवणारी अजस्र गाडी आली, पोटातलं पिंप गरागरा फिरवत. तिचं पुढचं चाकच काकूंच्या खांद्याएवढं होतं. चालकानं वाट न बघता नाक पुढे काढलं आणि हॉर्नवर हात ठेवला.

काकूंचा पाय आपोआप जमिनीकडे निघाला होता. त्यांनी तो परत पायडलावर आणला. बोटं ब्रेकवर ठेवली, वेग किंचित कमी केला आणि त्या उंच काचेमागच्या चालकाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. खुर्चीचे दोन वेळचे पैसे बुडवणाऱ्याकडे बघायच्या तसं पाहिलं. चालकाचा हात हॉर्नवरून उठला. गाडी फुस्स आवाज करून जागच्या जागी थांबली. काकूंनी खटका दाबला आणि तिच्या नाकापुढून निघून गेल्या, घाई न करता. मागून स्कूटर आली. साहेब चालकाला बोट दाखवून काहीतरी सुनावत होते.

फाटकात आल्यावर काकूंनी इंजिन बंद केलं. त्या सायकलवर बसूनच राहिल्या. जावई जवळ आला.

"पास," तो म्हणाला. मग साहेब ऐकत असतानाच हळूच म्हणाला, "आई, पाणी आणू का?"

संध्याकाळी लेकीकडे सगळे जेवायला बसले. खटपट्या सिमेंटच्या गाडीचा आवाज काढून दाखवत होता, तो तिथे नव्हता तरीही. काकूंनी जावयाकडे वळून विचारलं, "खरं सांगा, मला नापास केलंत त्या रात्री झोप लागली तुम्हाला?"

"नाही."

"वाटलंच."

"पण पास केलं असतं, तर तुम्ही जितके दिवस ती सायकल चालवली असती तितके दिवस लागली नसती."

लेकीनं त्याच्या ताटात आणखी वाढलं. या वेळी ताट आपटलं नाही.

त्यानंतर खटपट्याच्या शेडला नवाच धंदा मिळाला. चढाला कंटाळलेली माणसं सायकली घेऊन येऊ लागली. इंजिन बसवायच्या आधी तो त्यांना खुर्चीवर बसवून दोन ब्रेक, धातूची टाकी, विमा, लायसन्स असं सगळं ऐकवायचा, जणू कायदा त्यानंच केला होता. जावई त्यातल्या पुष्कळांना पहिल्या फेरीत परत पाठवायचा, आणि जेवायला एकत्र बसले की दोघं त्यावरून हमरीतुमरीवर यायचे. काकू मध्ये पडत नसत.

त्यांना दुसरं काम होतं. खालच्या गावापलीकडे, जुन्या रस्त्यानं बरंच पुढे, एक वस्ती होती. पायानं तिथे जाणं काकूंच्या कधी मनातही आलं नव्हतं. महामार्गानं ती जवळ पडे, पण तो रस्ता बंद, म्हणून काकू लांबच्या जुन्या रस्त्यानं निघाल्या. दिवा लावलेला, मागची गाडी रिकामी, भिजवलेला वेत ओल्या फडक्यात गुंडाळून पुढच्या टोपलीत. वस्तीच्या पहिल्या घराशी त्यांनी इंजिन बंद केलं, हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि असा आवाज लावला की ओसरीतला म्हातारा खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"खुर्च्या विणायच्यात काऽऽ, खुर्च्या!"

त्याच्या मागची खुर्ची मधोमध फाटलेली होती.